‘तुमच्या देशात पाठवता येत नाही’: परदेशी मॉडेल किट मागवताना या चुका टाळा

परदेशी संकेतस्थळावर किट (भाग जोडून बनवायचं प्लास्टिकचं मॉडेल) कार्टमध्ये टाकून, पत्ता भरून झाला की एक ओळ उमटते: ‘ही वस्तू तुमच्या देशात पाठवता येत नाही.’ ती वाचून बहुतेक संग्राहक एक तर दुकानाला शिव्या घालतात, नाही तर लगेच आडवाट शोधायला लागतात. दोन्ही घाईचं. ओळ एकच असली तरी तिच्यामागची कारणं निरनिराळी असतात, आणि एका कारणावरचा इलाज दुसऱ्या कारणाला लागू पडत नाही. पैसे बुडतात ते बहुतेक वेळा इथेच.

प्रत्येक नकार परवान्याचा समजणं

ही सगळ्यात सार्वत्रिक चूक. खरं तर परवान्याशी, म्हणजे एखाद्या मालिकेतल्या वा सिनेमातल्या यंत्राचं किट अमुक देशात विकण्याच्या हक्काशी, काडीचाही संबंध नसलेले नकार बरेच असतात.

पहिला ज्वलनशील मालाचा. लॅकर रंग, थिनर, प्लास्टिकचं पातळ सिमेंट (म्हणजे भाग चिकटवायचा द्रव), स्प्रेचे डबे हे सगळं विमानानं जाणाऱ्या टपालात चालत नाही. ‘पण माझा रंग पाण्यात मिसळणारा आहे’ असं म्हणून सुटका होत नाही. टामिया या जपानी कंपनीच्या छोट्या बाटल्यांतल्या ॲक्रिलिक रंगात अल्कोहोल असतं, त्यामुळे तेही अडतात. मी स्वतः एकदा तीन किट्सच्या पार्सलात सिमेंटची एकच बाटली सरकवली होती. फॉरवर्डरच्या, म्हणजे तिथल्या पत्त्यावर माल घेऊन पुढे आपल्याकडे पाठवणाऱ्या सेवेच्या, गोदामात अख्खं पार्सल अडकून पडलं, बाटली काढून टाकायला मी लेखी होकार दिला तेव्हा कुठे ते हललं, आणि तोवरचं साठवणुकीचं भाडं माझ्या डोक्यावर.

दुसरा नकार युरोपातल्या ग्राहकांच्या ओळखीचा. १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात उत्पादन सुरक्षेचा नवा नियम, म्हणजे जीपीएसआर, लागू झाला. त्यानुसार संघाबाहेरून माल विकणाऱ्याला संघाच्या आत एक जबाबदार प्रतिनिधी दाखवावा लागतो. मोठ्या कंपन्यांना त्याचं फारसं काही नाही. पण घरच्या घरी डीकॅल (मॉडेलवर लावायची चिन्हं-अक्षरांची छापील चित्रं) छापणारे, रेझिनचे सुटे भाग ओतणारे एकांडे कारागीर हा खर्च कुठून करणार? त्यांतल्या अनेकांनी युरोपीय संघ आणि उत्तर आयर्लंड हे पर्यायच यादीतून काढून टाकले. अशा कारागिराला ‘परवाना कुणाचा आडवा येतोय?’ असं विचारलंत तर तो बुचकळ्यात पडेल.

मग ओळखायचं कसं? त्याच दुकानात, त्याच कंपनीचं, पण कुठल्याही मालिकेशी वा सिनेमाशी संबंध नसलेलं एक किट कार्टमध्ये टाकून बघा, एखादा साधा रणगाडा किंवा जहाज. तेवढं जात असेल आणि सिनेमातलं यान तेवढं अडत असेल, तर मामला परवान्याचा. काहीच जात नसेल तर अडचण दुकानाच्या धोरणात किंवा तुमच्या भागातल्या नियमात आहे. रंगांचा संच जोडलेला खोका अडतो आणि नुसतं किट जातं, तर कारण उघडच आहे. दोन मिनिटांचं काम, पण करत कुणी नाही.

परवाना एकदाच ठरतो असं मानणं

एकच यंत्र, एकच साचा, पण कुठे कुणी विकायचं हे देशागणिक वेगळं. याचं सगळ्यात किचकट उदाहरण म्हणजे मॅक्रॉस, आणि ते नीट समजून घेतलं की बाकीची प्रकरणं सोपी वाटायला लागतात.

मॅक्रॉस ही यंत्रमानवांची जपानी ॲनिमेशन मालिका १९८२ ची. अमेरिकेतल्या हार्मनी गोल्ड कंपनीनं तिचे जपानबाहेरचे हक्क तात्सुनोको या जपानी निर्मिती कंपनीकडून घेतले, इतर दोन मालिका तिला जोडल्या आणि १९८५ मध्ये हे सगळं ‘रोबोटेक’ नावानं दाखवलं. गंमत म्हणजे ‘रोबोटेक’ हे नाव आधी किटच्या खोक्यावर होतं. १९८४ मध्ये रेवेल वेगवेगळ्या जपानी मालिकांतल्या यंत्रमानवांची किट्स ‘रोबोटेक डिफेंडर्स’ म्हणून विकत होती. म्हणजे आज जे नाव किट विकणाऱ्यांना धाकात ठेवतं, ते मुळात किटवाल्यांचंच.

पुढे जपानमध्ये कोर्टकचेऱ्या झाल्या. मूळ पात्रांचे आणि यंत्रांचे आराखडे बिगवेस्ट आणि स्टुडिओ नुए या मालिकेमागच्या दुसऱ्या दोन जपानी कंपन्यांचे, असं २००२ मध्ये टोकियोच्या न्यायालयानं ठरवलं. मालिकेच्या चित्रपट-हक्कांचा निकाल मात्र २००३ मध्ये तात्सुनोकोच्या बाजूनं लागला. दोघांच्या हातात अर्धा-अर्धा दोर, आणि जपानबाहेर तिसराच धनी. याची झळ थेट संग्राहकांना बसली. हासेगावा आणि बॅन्डाय या जपानी कंपन्यांची मॅक्रॉस किट्स जपानमध्ये रॅकवर होती, पण तिथली अनेक दुकानं ती उत्तर अमेरिकेत पाठवायला तयार नसत.

एप्रिल २०२१ मध्ये बिगवेस्ट आणि हार्मनी गोल्ड यांच्यात समझोता जाहीर झाला आणि बहुतेक मॅक्रॉस मालिका-सिनेमांची जगभर वाट मोकळी झाली. इथे पुष्कळांनी अर्धीच बातमी वाचली. त्याच समझोत्यात पहिल्या मालिकेतली ४१ पात्रं आणि यंत्रं जपान सोडून जगभर रोबोटेकसाठी वापरण्याचा हार्मनी गोल्डचा हक्कही मान्य झाला आहे. त्यामुळे नंतरच्या मॅक्रॉस फ्रंटियरमधलं व्हीएफ-२५ हे लढाऊ विमान आणि पहिल्या मालिकेतलं व्हीएफ-१ यांना एकच नियम लागेल असं धरून चालू नका. ‘मॅक्रॉस आता मोकळं झालंय’ हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न हवा: कुठल्या मालिकेतलं?

आणखी एक. दुकानांच्या यंत्रणेत घातलेले अडसर कुणीतरी हातानं काढावे लागतात, आणि जुन्या मालाच्या बाबतीत ते राहून जातं. त्यामुळे नकार जुनाट वाटला तर त्या वस्तूचा क्रमांक देऊन दुकानाला सरळ पत्र लिहावं. ‘तुमच्याकडे हे आमच्या देशात का येत नाही?’ अशा तक्रारीपेक्षा ‘या क्रमांकाच्या किटवरची मर्यादा अजून लागू आहे का?’ या प्रश्नाला उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

थांबायचं कधी, हे न कळणं

बॅन्डायनं स्टार वॉर्सची किट्स काढायला सुरुवात केली २०१४ च्या अखेरीस. युरोपात त्या नावाच्या किट्सचा परवाना रेवेलकडे होता. बॅन्डायचं १/७२ (मूळच्या बहात्तराव्या हिश्शाच्या मापाचं) एक्स-विंग यान बघून लाळ गळत असलेल्या लोकांनी फॉरवर्डर, कमिशन, टपाल, कर असं सगळं मोजून ते मागवलं. काही वर्षांनी बॅन्डायच्याच साच्यांतली किट्स रेवेलच्या खोक्यात युरोपातल्या दुकानांत आली. हे काही पहिल्यांदाच घडत नव्हतं. फाइन मोल्ड्स या जपानी कंपनीचं १/७२ मिलेनियम फाल्कन यानही आधी असंच रेवेलच्या ‘मास्टर सीरिज’ खोक्यातून आलं होतं.

याचा अर्थ नेहमी थांबावं असा नाही. परवान्याची मुदत संपली की साचा धडधाकट असूनही किट पुन्हा येत नाही, आणि मग थांबणारा हात चोळत बसतो. माझा अंदाज बांधायचा मार्ग असा: तुमच्या भागात त्या नावाचा परवानाधारक चालू स्थितीत आहे का, आणि त्यानं मूळ कंपनीचा माल पूर्वी कधी आपल्या खोक्यात विकला आहे का? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तर थांबायला हरकत नाही. परवानाधारकच नसेल, किंवा असूनही तो फक्त स्वतःचेच साचे वापरत असेल, तर मागवून टाका.

प्रीमियम बॅन्डायच्या, म्हणजे बॅन्डायच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानाच्या, नोंदणी घेऊन मागणीनुसार बनणाऱ्या किट्सचं गणित थोडं निराळं. नोंदणी बंद झाली की दुसऱ्या दिवशी दलालांचे भाव चढतात आणि लोक घाबरून घेतात. पण काही भागांसाठी प्रीमियम बॅन्डायची स्वतंत्र दुकानं आहेत, त्यांच्या याद्या एकसारख्या नसतात, आणि जपानमध्येही जुन्या किट्सची नोंदणी पुन्हा उघडते. पहिल्या महिन्यातला भाव हा घाबरलेल्यांचा भाव असतो.

खोका बघून घेणं

खोक्यावरचं नाव आणि आतलं प्लास्टिक यांचं नातं या छंदात भलतंच सैल आहे. टामियाच्या १/७२ वॉर बर्ड मालिकेतल्या काही खोक्यांत इटालेरी या इटालियन कंपनीचं किट असतं. त्यामुळे ‘आयात’ म्हणून दुप्पट मोजलेलं किट आपल्या कपाटात आधीपासून दुसऱ्या चित्राखाली पडलेलं असू शकतं. मागवण्यापूर्वी स्केलमेट्स या किटची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर त्या किटची कालरेषा बघा. साचा कुठल्या वर्षी बनला, कुणाकुणाच्या खोक्यातून फिरला, कुठल्या आवृत्तीत नवे भाग आले, सगळं एका पट्टीवर दिसतं.

उलट बाजूही आहे. प्लास्टिक तेच, पण डीकॅल वेगळी. जर्मनीत दंडसंहितेच्या कलम ८६अ मुळे नाझी चिन्हं जाहीरपणे दाखवण्यावर बंदी आहे. इतिहास, संशोधन, कला यांना कायद्यात सूट असली तरी किट विकणारे धोका पत्करत नाहीत. म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन विमानाचं शेपूट खोक्यावरच्या चित्रात कोरं दिसतं आणि डीकॅलमध्ये ते चिन्ह एक तर नसतंच, नाही तर दोन तुकड्यांत छापलेलं असतं. शर्यतीच्या गाड्यांचंही तसंच. तंबाखू कंपन्यांची नावं कित्येक आवृत्त्यांतून गायब असतात. युरोपीय संघात तंबाखूच्या प्रायोजकत्वावरची बंदी जुलै २००५ अखेर अमलात आली, पण किटवाले त्याच्या आधीपासून जपून होते. दर वेळी कुणीतरी ‘डीकॅल कमी आलं’ म्हणून दुकानाशी भांडतो. ते कमी आलेलं नसतं, तसंच छापलेलं असतं. सुटं डीकॅल वेगळं घ्यावं लागतं, आणि त्याची किंमत किट घेतानाच धरावी.

फॉरवर्डरला जादूगार समजणं

परवाना हा हक्कधारक आणि कंपनी यांच्यातला करार. आपण, म्हणजे शेवटचे ग्राहक, त्यात कुठेच नसतो. दुकान घाबरतं ते वितरक माल बंद करील म्हणून. त्यामुळे जपानमधल्या पत्त्यावर घेऊन पुढे पाठवणारी सेवा पुष्कळदा बिनबोभाट काम करते. पण काही दुकानं फॉरवर्डरचे पत्ते ओळखतात आणि ऑर्डर रद्द करतात, काही परदेशी कार्ड घेत नाहीत. मागणीनुसार बनणारं किट असेल तर माघारही घेता येत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी दुकानाच्या अटींत ‘पुढे पाठवणं’ याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. भाषांतर यंत्रानं केलं तरी चालेल, एवढं कळतं.

सगळं एका खोक्यात बांधून टपाल वाचवायचा मोह होतो. त्यातली एक वस्तू जरी वादाची असली तरी तिच्यापायी बाकीची अडतात, म्हणून शंका असलेली वस्तू एकटी पाठवा. आणि ‘भेटवस्तू’ लिहा, किंमत कमी दाखवा असं विक्रेत्याला सांगू नका. ते बेकायदा तर आहेच, शिवाय पार्सल हरवलं तर भरपाई कागदावर लिहिलेल्या किमतीइतकीच मिळते.

नकलेला स्वस्त आयात म्हणणं

जिथे खरा माल पोचत नाही तिथे नक्कल आधी पोचते. ‘स्वतःसाठीच तर घेतोय, कोण विचारतंय’ हा युक्तिवाद ऐकायला बरा. डेन्मार्कमधल्या एका ग्राहकानं चिनी दुकानातून स्वतःसाठी एक नकली रोलेक्स मागवलं होतं. कस्टम्सनं ते अडवलं आणि २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयानं सांगितलं, की माल खासगी वापरासाठी घेतलेला असला तरी नकली वस्तू अडवून नष्ट करता येते, भरपाई न देता. घड्याळाला लागू तेच किटला.

विकताना निश्चिंत राहणं

अस्सल, पावतीसह घेतलेलं किटही विकायला काढताना देश बघावा लागतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये परदेशात कायदेशीररीत्या बनलेल्या प्रती तिथे पुन्हा विकायला कॉपीराइटच्या बाजूनं मोकळीक दिली. युरोपात ट्रेडमार्कचा नियम उलटा आहे. युरोपीय न्यायालयाच्या १९९८ च्या सिलुएट निकालापासून, युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेर पहिल्यांदा विकलेला माल हक्कधारकाच्या संमतीशिवाय तिथे व्यापारासाठी विकता येत नाही. कपाटातली दोन किट्स विकणारा छंदिष्ट हा व्यापारी नव्हे. पण दर महिन्याला वीस खोके मागवून विकणारा ‘मी पण संग्राहकच’ म्हणू लागला तर ते फार काळ टिकत नाही, आणि तक्रार आली की विक्री-संकेतस्थळ आधी जाहिरात काढतं, कारण नंतर विचारतं.

खोका न उघडता कपाटात ठेवणं

दुसऱ्या प्रदेशासाठीचं किट घेतलं की तुमच्या भागातल्या वितरकाची जबाबदारी संपते. एखादा भाग तुटका निघाला, रनरच (भाग जोडलेली प्लास्टिकची चौकट) गायब असला, तर तो त्याच्याकडे मागता येत नाही. बॅन्डायची सुट्या भागांची सेवा जपानमधल्या पत्त्यापुरती चालते. दुकानाकडे तक्रारीची मुदत असते ती पार्सल मिळाल्यापासून, तुम्ही जोडायला बसता तेव्हापासून नव्हे. म्हणून खोका आल्याच्या दिवशी उघडा, पिशव्या न फाडता सूचनापुस्तिकेतल्या आकृतीशी रनरची अक्षरं ताडून बघा, डीकॅलचा कागद पिवळा पडलाय का तेही, आणि सगळ्याचा एक फोटो काढून मग झाकण लावा.