लिव्हरमधल्या न्यूरोएंडोक्राइन गाठीसाठी मोठ्या रुग्णालयात जाताना

फाइल, आधार कार्ड, विम्याचे कागद, चालू औषधांची यादी हे सांगायला नको. सांगायचं ते ब्लॉकचं. बायोप्सीत काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात. प्लास्टिकची छोटीशी चौकट असते, तिच्यावर बायोप्सी नंबर. तो ब्लॉक आणि सगळ्या स्लाइड पहिल्या ठिकाणच्या पॅथॉलॉजीतून अर्ज देऊन, सही करून ताब्यात घ्या. मागच्या खेपेला नेमकं हेच राहिलं आणि नुसत्या रिपोर्टवर कुणी पुढचं बोलेना. रिपोर्ट म्हणजे ब्लॉक नव्हे.

ब्लॉकचा एवढा धोशा का? हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या या गाठी सीटीत लिव्हरच्या नेहमीच्या कॅन्सरसारख्या चकाकू शकतात. खरं निदान ठरतं ते मायक्रोस्कोपखाली. सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन या पेशींमधल्या प्रथिनांचे रंग चढले की न्यूरोएंडोक्राइन हे कळतं, आणि केआय-६७ (किती पेशी वाढण्याच्या तयारीत आहेत ते दाखवणारा आकडा) किती टक्के यावर पुढचं सगळं अवलंबून. ३ टक्क्यांखाली ग्रेड १, ३ ते २० ग्रेड २, २० च्या वर ग्रेड ३. विसाच्या वर गेलं तर ट्यूमर (पेशी अजून बऱ्यापैकी मूळ रूपातल्या) की कार्सिनोमा (पेशी पार बिघडलेल्या) हे वेगळं ठरवावं लागतं, कारण दोन्हींची औषधं निराळी. हे सगळं नवे डॉक्टर स्वतः तपासून पाहतात. कशावर? ब्लॉकवर. ‘स्लाइड दिल्यात ना, पुरे,’ असं काउंटरवर ऐकवतील. पुरे नाही. ब्लॉक मिळतच नसेल तर कोटेड (काप घट्ट चिकटून राहावा म्हणून लेप दिलेल्या) काचांवरच्या दहा-पंधरा न रंगवलेल्या स्लाइड मागा. साध्या काचेवरचा काप पुढच्या तपासणीत धुऊन निघतो. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी जुळवून घ्या, आणि मे महिन्यात तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेणच ते.

(‘न्यूरो’ म्हणजे मेंदू नव्हे. २०१८ मध्ये, स्वतःला न्यूरोएंडोक्राइन गाठ झाल्यावर, अभिनेते इरफान खान यांनीच हे जाहीरपणे सांगितलं होतं, तरी नातेवाईक मेंदूच्या डॉक्टरचा नंबर पाठवतातच.)

लिव्हरमध्ये गाठ दिसली तरी ती बहुधा दुसरीकडून आलेली असते: लहान आतडं, स्वादुपिंड, मलाशय, फुप्फुस. मूळ लिव्हरमध्येच, असं म्हणायचं ते बाकी सगळं शोधून झाल्यावर. त्यासाठी तीन फेजचा सीटी किंवा एमआरआय आणि गॅलियमचा डोटाटेट किंवा डोटानॉक पेट स्कॅन (या गाठींना चिकटणारं किरणोत्सर्गी औषध टोचून सगळ्या अंगात त्या शोधतात). महिन्याचं ऑक्ट्रिओटाइड (गाठीचे हार्मोन दाबणारं इंजेक्शन) चालू असेल तर हा स्कॅन पुढच्या इंजेक्शनच्या जरा आधी ठरवा. फिल्म नको, सीडी घ्या, आणि ती उघडते का ते निघण्यापूर्वी पाहा.

रक्तातल्या क्रोमोग्रॅनिनच्या आधी पॅन्टोप्राझोलसारखी गॅसची गोळी डॉक्टरांना विचारून दोन आठवडे बंद हवी. नाहीतर आकडा खोटाच चढतो आणि घरभर घबराट. २४ तासांच्या लघवीतल्या ५-एचआयएएसाठी (गाठीतल्या सेरोटोनिन हार्मोनपासून बनून लघवीत उतरणारा पदार्थ) आधीचे तीन दिवस आणि तो दिवसभर केळी, अननस, अक्रोड, टोमॅटो, वांगी बंद. खोकल्याचं औषध आणि पॅरासिटामॉल चालतं का ते विचारा. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची. कॅनमध्ये ॲसिड असतं, ते ओतून कॅन धुऊ नका.

चेहरा लाल होणं, जुलाब अशी गाठीच्या हार्मोनची लक्षणं असतील तर इको (हृदयाची सोनोग्राफी) करून हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा पाहतात. आणि बायोप्सी, भूल किंवा एम्बोलायझेशन (गाठीची रक्तवाहिनी आतून बंद करणं), काहीही करण्यापूर्वी भूलतज्ज्ञांना हे स्वतः सांगा. ऑक्ट्रिओटाइडचं ड्रिप तयार नसेल तर रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो.

उपचार थोडक्यात. इंजेक्शन २८ दिवसांनी: ऑक्ट्रिओटाइड एलएआर २० ते ३० मिलिग्रॅम कुल्ल्यात किंवा लॅनरिओटाइड १२० मिलिग्रॅम. फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवायचं, टोचण्यापूर्वी अर्धा-एक तास बाहेर काढायचं. एलएआर कालवल्यावर लगेच टोचायचं, थांबलं की सुई तुंबते. एम्बोलायझेशननंतर काही दिवस ताप आणि दुखणं येतं. पित्तनळीत स्टेंट (नळी) असेल किंवा व्हिपल (स्वादुपिंडाच्या डोक्याचं मोठं ऑपरेशन) झालं असेल तर आधी सांगा, लिव्हरमध्ये पू होण्याचा धोका वाढतो. ल्युटेशियम (गाठीला चिकटून आतून किरण देणारं औषध): ७.४ गिगाबेकेरल, म्हणजे २०० मिलिक्युरी, साधारण आठ आठवड्यांच्या अंतराने चार वेळा. सोबत किडनीसाठी अमिनो ॲसिडचं सलाइन, त्याने उलटी होते. आधी क्रिएटिनीन आणि रक्तपेशी तपासतात. कापून काढणं, प्रत्यारोपण हे मोजक्यांसाठी, ते ट्यूमर बोर्ड, म्हणजे वेगवेगळ्या डॉक्टरांची एकत्र बैठक, ठरवतं.

ब्लॉक जमा केल्याची पावती घ्या, आणि काम झालं की ती दाखवून ब्लॉक परत आणा.