लोकल क्लायंटकडे अडकणारं पेमेंट असं सुटलं

मी कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या छोट्या कंपन्यांचं ऑनलाइन मार्केटिंग करतो, गूगल प्रोफाइल, फेसबुकच्या अ‍ॅड वगैरे. काम मिळायचं पण पैसे निघायचे नाहीत, "साहेब बाहेरगावी आहेत, पुढच्या आठवड्यात बघू" ऐकून कान किटले होते आणि अ‍ॅडचा खर्च मात्र माझ्या कार्डावरून चालूच.

आधी अ‍ॅड अकाउंट क्लायंटच्याच नावावर केलं, कार्ड पण त्यांचंच, मला फक्त अ‍ॅक्सेस. पण खरा फरक पडला उद्यम रजिस्ट्रेशनने, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीने. ऑनलाइन होतं, फी शून्य (एजंटला पैसे देऊ नका खरंच), आणि तो नंबर बिलावर टाकायला लागलो. 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं असतं, आणि 2024-25 असेसमेंट इयरपासून मुदत उलटून वर्षअखेरपर्यंतही दिलं नाही तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी टॅक्समध्ये धरता येत नाही. मालकाला हे माहीत नसलं तरी सीएला पक्कं माहीत असतं, म्हणून मी बिल थेट अकाउंट्सला मेल करतो. आता मार्चमध्ये तिकडूनच फोन येतो, "तुमचं किती राहिलंय?"