पेटीला थांबू देऊ नका: हापूस घरपोच विकताना लीन कसं वापरायचं

मागच्या एका सीझनला पुण्यातल्या एका ताईंचा मेसेज आला, "आंबा छान आहे हो, पण पाहुणे काल येऊन गेले". आंब्याबद्दल तक्रारच नव्हती. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की आम्ही वर्षभर फवारण्या, खतं, मोहोर यातच जीव काढतो आणि तोडल्यानंतर पेटी कुठे किती वेळ पडून राहते याचा हिशोबच कोणी ठेवत नाही. आमची कलमं देवगड तालुक्यात, जामसंड्याच्या पुढे. दलालाकडे माल जायचा तेव्हा गिऱ्हाईक कोण ते माहीत नव्हतं त्यामुळे शिव्याही ऐकू यायच्या नाहीत, आता थेट विकायला लागलो तर फोन आपल्याच खिशात वाजतो. म्हणून हे लिहितोय, जे आमच्याकडे चाललं आणि जे नाही चाललं ते पण.

लीन म्हणजे काय ते दोन ओळीत सांगतो. मूळ टोयोटाच्या कारखान्यातलं, ताइची ओनो नावाच्या इंजिनिअरने बसवलेलं, आणि त्याला कल्पना सुचली ती अमेरिकेतल्या सुपरमार्केटच्या पद्धतीवरून, गिऱ्हाईकाने फळीवरचं जेवढं उचललं तेवढंच परत भरायचं. लीन हे नाव नंतर १९८८ मध्ये जॉन क्राफसिक नावाच्या संशोधकाने दिलं. ओनोने वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त बनवणं, थांबून राहणं, उगाच वाहतूक, उगाच काम, साठा, उगाच हालचाल आणि खराब माल. यातलं पहिलं सगळ्यात वाईट म्हणायचा कारण बाकीची सहा त्याच्या पोटातनं येतात. कार आणि आंबा यात फरक आहे तो पुढे येईलच.

पहिलं काम, वही घ्या आणि एका पेटीच्या मागे लागा. खरंच एका पेटीवर खूण करा आणि झाडापासून गिऱ्हाईकाच्या दारापर्यंत कुठे किती वाजता काय झालं ते लिहा. मी लिहिलं तेव्हा असं निघालं: सकाळी ७ ते १० तोड, मग क्रेट खळ्यात, जेवणं झाल्यावर ४ वाजता प्रतवारीला हात, मग बॉक्स संपले म्हणून भरणं दुसऱ्या दिवशी, गाडीची वाट बघण्यात अजून एक दिवस, रातभर प्रवास, आणि पुण्याच्या गोडाऊनला नेमका रविवार. दारात पोचायला पाच दिवस. त्यात पेटीला माणसाचा हात लागला तो तासभर पण नसेल.

आता कोणी म्हणेल आंबा पिकायला वेळ लागतोच मग बसला तर काय बिघडलं. बिघडतं. पेंढ्यात अढी घातलेला आंबा बसलेला नाही, तो पिकतोय, ते कामच आहे. बंद बॉक्समध्ये तापलेल्या टेम्पोत किंवा पत्र्याच्या गोडाऊनमध्ये एकावर एक रचलेला आंबा हा बसलेला. तुमच्या वहीत या दोघांना वेगळे रंग द्या, मग कुठे कात्री लावायची ते आपोआप दिसतं.

दुसरं, ऑर्डर घेताना "किती डझन" च्या आधी "कधी खाणार" विचारा. हा एकच प्रश्न आम्ही वाढवला आणि अर्ध्या कटकटी कमी झाल्या. घरात माणसं किती, सगळे एकदम खायचेत की आठवडाभर पुरवायचेत, कोणाला पाठवायचेत का. दोघंच असतील तर पाच डझनाची पेटी देऊच नका, धंदा मोठा दिसतो पण शेवटचा डझन सडतो आणि लक्षात राहतो तोच. मग खायच्या तारखेपासून उलटं मोजायचं. समजा अक्षय्य तृतीयेला आमरस हवाय, तर आंबा घरात दोन दिवस आधी पोचला पाहिजे, प्रवासाचा दीड दिवस, त्याआधी अढीत पाच सहा दिवस, म्हणजे तोड साधारण नऊ दहा दिवस आधी. हवा तापली तर लवकर पिकतो, ढगाळ असेल तर रेंगाळतो, तो अंदाज तुमचा तुम्हाला असतोच.

पण सगळ्यांना अक्षय्य तृतीयेलाच पाहिजे असतो ना. तिथे आम्ही रोजच्या पेट्यांचा आकडा ठरवला, प्रत्येक तारखेला इतक्याच, ती भरली की आधीची किंवा नंतरची तारीख सुचवायची आणि ती घेतली तर थोडी सवलत. पहिल्या वर्षी वाटलं गिऱ्हाईक पळेल. थोडे गेले. बाकीच्यांना मात्र जी तारीख दिली त्या तारखेला मिळाला.

इथे कारचा कारखाना आणि आंब्याची बाग यातला फरक येतो. लीनवाले म्हणतात मागणी आली की मगच बनवा. आमचे चुलते हे ऐकून म्हणाले, "आंबो तुझ्यासाठी थांबाचो नाय". बरोबरच आहे, चौदा आणे, म्हणजे जवळपास पूर्ण, तयार झाला की काढायलाच लागतो. म्हणून आम्ही रेघ मारली तोडीवर. तोडीपर्यंत झाडाच्या मनासारखं, तोडीनंतर ऑर्डरच्या मनासारखं. ऑर्डरपेक्षा जास्त निघाला तर त्याच दिवशी दलालाला नाहीतर कॅनिंगला, "उद्या येईल कोणीतरी" म्हणून ठेवायचा नाही. भाव कमी मिळतो हे मान्य, पण तो ठेवलेला माल पुढे जुना म्हणून कुठल्यातरी पेटीत घुसतो आणि नाव जातं.

साठ्याचं एक सोपं गणित आहे, लिटल नावाच्या प्राध्यापकाने १९६१ मध्ये सिद्ध केलेलं. खळ्यात १२० पेट्या आहेत आणि रोज ३० जातात, तर पेटी सरासरी ४ दिवस थांबणार. बस एवढंच. गाडी जोरात पळवून काही होत नाही, खळ्यातल्या पेट्या ६० वर आणा, दोन दिवस आपोआप वाचले. आम्ही आठवड्याला एक मोठी गाडी भरायचो कारण पेटीमागे भाडं कमी पडतं, ते सोडून आठवड्यातनं तीनदा छोटा टेम्पो केला. भाडं वाढलं, हो. पण बदलून दिलेल्या पेट्या, परत पाठवायचा खर्च, फोनवर घालवलेल्या संध्याकाळी हे त्या भाड्याच्या शेजारी लिहून बघा मग ठरवा. आणि पुण्यात घरोघरी फिरण्यापेक्षा सोसायटीप्रमाणे ऑर्डर गोळा करा, एका गेटवर पंधरा पेट्या उतरल्या तर भाड्याचा वाढीव भाग बराचसा तिथेच भरून निघतो.

वाहतुकीवरनं आठवलं. एका हुंडेकऱ्याने आमच्या २२ पेट्या शनिवार ते सोमवार गोडाऊनला ठेवल्या, सांगितलंच नाही. भांडलो, पैसे काही मिळाले नाहीत. पण खरं बघितलं तर शुक्रवारी माल चढवला मीच, रविवार मधे येतो हे वहीत आधीच लिहिलेलं होतं. आता शुक्रवारी माल निघतच नाही.

बॉक्स संपण्याची गोष्ट वर आली, त्याला उपाय कार्डाचा, जपानी लोक कानबान म्हणतात. रिकाम्या बॉक्सच्या थप्पीत एका ठिकाणी लाल पुठ्ठा खोचायचा, थप्पी तिथपर्यंत आली की जो कोणी बघेल त्याने तो पुठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवायचा, मी ऑर्डर द्यायची. कुठे खोचायचा? रोज २५ बॉक्स लागतात, कोल्हापूरहून यायला ४ दिवस म्हणजे १००, वर घाटात काही झालं तर म्हणून दोन दिवसांचे ५०, एकूण १५० वर पुठ्ठा. हे दोन दिवस काढू नका. लीन म्हणजे साठा शून्य असं काही लोक समजतात आणि फोंडा घाटात एक ट्रक आडवा झाला की रडत बसतात. टेप, स्टिकर, पेंढा, सगळ्याला हेच, ॲप वगैरेची गरज नाही, माझ्या गड्यांना पुठ्ठा पहिल्या दिवशी समजला.

आता क्वालिटी, यावर जरा जास्त लिहितो कारण बहुतेक जण खराब आंबा पॅकिंगला शोधतात आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. एका वर्षी काळ्या डागांच्या तक्रारी खूप आल्या. का असं विचारत गेलो. डाग का, तर चीक सालीवर ओघळला. चीक का ओघळला, तर देठ मुळापासून तुटला. देठ का तुटला, तर झेल्याने (आंबे उतरवायची जाळी आणि पातं लावलेली काठी) नीट कापायच्या ऐवजी ओढून काढले. का ओढले, तर घाई. घाई का, तर मीच क्रेटमागे जादा पैसे लावले होते. पाचव्या "का" ला आरसाच समोर आला म्हणा ना. मजुरी रोजावर केली, झेल्यांची पाती दर दोन तीन दिवसांनी बदलली, देठ दोन तीन सेंटीमीटर ठेवायचा हे प्रत्येकाला झाडाखाली दाखवलं आणि पडलेला आंबा वेगळ्या रंगाच्या क्रेटमध्येच टाकायचा, तो घरपोच पेटीत कधीच नाही. उन्हं चढायच्या आत तोड थांबवतो. प्रतवारी आता झाडाखालीच, खळ्यात फक्त वजन.

साका, म्हणजे आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा होणं, मात्र बाहेरनं कळत नाही, कितीही शहाणे असा. तिथे वाद घालायचा नाही, कापलेल्या आंब्याचा फोटो आला की पुढच्या पेटीत तेवढे नग जास्त, त्याच दिवशी कळवायचं. कोणी फसवेल का? एखाददुसरा. त्याच्यापायी बाकीच्यांकडून पुरावे मागत बसू नका.

बॉक्सवर आम्ही दोन तारखा लिहितो, तोडीची आणि खायला कधीपासून तयार होईल त्याची. हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) २०१८ मध्ये मिळालं, त्याने आंबा कुठला ते कळतं, किती दिवसांचा ते तुम्हीच सांगायला लागतं. सोबत एक चिठ्ठी, पेटी आली की लगेच उघडा, आंबे पसरून ठेवा, पिकायच्या आधी फ्रिजमध्ये घालू नका, वास सुटला आणि बोटाला किंचित मऊ लागला की खा. ही चिठ्ठी टाकायला लागल्यापासून "अजून हिरवाच आहे हो काका" वाले फोन बरेच कमी झाले. आणि टेम्पो निघाला की मेसेज, उशीर होणार असेल तर गिऱ्हाईकाने विचारायच्या आधी मेसेज.

पाऊस जवळ आला की मेच्या शेवटी ऑर्डर बंद करतो, कोणी कितीही मागे लागलं तरी. मग कोकमाचं आगळ, आंबापोळी, कुळथाचं पीठ. त्यातही तेच, कुळीथ एकदम ५० किलो भाजून ठेवायचे नाहीत, आठवड्याच्या ऑर्डरी बघून पाच पाच किलो भाजायचे, जुनं पाकीट पुढे नवीन मागे. बायको म्हणते हे तर तिची सासू पहिल्यापासून करायची, तेव्हा त्याला लीन म्हणत नव्हते एवढंच.