बूट पार्टिशन भरलं आणि अपडेट अडकलं

घरच्या सर्व्हरवर डेबियन ही लिनक्स प्रणाली आहे. फोटो, बॅकअप आणि घरातलं डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) तोच सांभाळतो, त्यामुळे तो पडला की मला कळायच्या आधी घरचेच ओरडतात.

परवा 'एपीटी अपग्रेड' ही अपडेटची कमांड नव्या कर्नलपाशी, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यापाशी, थांबली: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', म्हणजे जागाच उरली नाही. मुख्य डिस्क तर निम्मी रिकामी! डिस्कवरची जागा दाखवणारं 'डीएफ -एच' मारलं, तेव्हा बूटचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचं, वेगळं पार्टिशन (डिस्कचा भाग) १००% भरलेलं दिसलं. जुने कर्नल आणि त्यांच्या इनिटरॅमएफएस फाइली (मशीन सुरू होताना कर्नलला लागणाऱ्या) तिथे साचल्या होत्या. अशा वेळी रीबूट अजिबात करू नका. नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस अर्धवट राहिली असेल तर मशीन उठायचंच नाही.

'यूनेम -आर'ने चालू कर्नल कोणता ते पाहिलं. तो आणि त्याच्या आधीचा एक ठेवून बाकीचे 'एपीटी पर्ज' या पॅकेज काढायच्या कमांडने काढले. मग अर्धवट राहिलेली इन्स्टॉलेशन्स पूर्ण करणारं 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' दिलं आणि अडलेलं काम मार्गी लागलं. त्या जुन्या फाइली थेट 'आरएम' या फाइल पुसायच्या कमांडने उडवा असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही, कारण फाइल गेली तरी पॅकेज इन्स्टॉल असल्याची नोंद तशीच राहते.

आता आपोआप अपडेट करणाऱ्या अनअटेंडेड-अपग्रेड्सला फक्त सुरक्षेच्या अपडेट्सची मुभा आहे, आणि त्याच्या सेटिंगमधली न लागणारे कर्नल काढायची ओळही चालू केली आहे. रीबूट मात्र आपोआप नाही. ते रविवारी सकाळी, मॉनिटर जोडून, मीच करतो.