जुन्या अमेरिकन गाडीचा कार्बोरेटर ओळखायचा कसा आणि बदलायचा कसा

जुनी शेवी किंवा मस्टँग स्टार्टिंगला त्रास देतेय, पेट्रोलचा वास मारतेय, तरी लगेच नवीन कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, थोडक्यात कार्ब) मागवायची घाई नको. आधी गाडीवर आत्ता नेमका कोणता बसलाय ते बघा. इतक्या वर्षांत गाडी कितीतरी हातांतून गेलेली असते, त्यामुळे कंपनीचाच कार्ब असेल असं धरून चालू नका.

एअर क्लीनर काढा, टॉर्च घ्या आणि नंबर शोधा. जीएमच्या (जनरल मोटर्स, शेवी त्यांचीच) गाडीवर पुढची दोन भोकं लहान आणि मागची दोन भलीमोठी दिसली तर तो रॉचेस्टर क्वाड्राजेट, १९६५ पासून आलेला. त्याचा नंबर ड्रायव्हरच्या बाजूला मागे बॉडीवर उभा ठोकलेला असतो, ७० किंवा १७० ने सुरू होतो, पण वर काजळी बसलेली असते म्हणून क्लीनर मारून ब्रशने नीट घासा. होली कंपनीच्या कार्बवर चोकच्या (थंड इंजिनासाठी हवा अडवणारी झडप) उभ्या भिंतीवर 'लिस्ट' आणि पुढे आकडा असतो. फोर्डच्या ऑटोलाइट २१०० वर बॉडीच्या बाजूला गोलात १.०८ किंवा १.१४ असं काहीतरी ओतलेलं दिसेल, ते वेंच्युरीचं, म्हणजे आतल्या अरुंद गळ्याचं, इंचातलं माप. वरच्या स्क्रूखाली पत्र्याची पट्टी टिकली असेल तर उत्तमच, सी५झेड म्हणजे १९६५ च्या मस्टँगचा पार्ट. एडलब्रॉक कंपनीच्या कार्बचा नंबर पुढे खाली पायावर असतो, १४०५ हाताच्या चोकचा, १४०६ इलेक्ट्रिक चोकचा, दोन्ही ६०० सीएफएमचे, म्हणजे मिनिटाला ६०० घनफूट हवा सोडणारे.

आता साइज. बरेच लोक इथेच फसतात, मोठा कार्ब म्हणजे जास्त पॉवर असं वाटतं त्यांना. इंजिनाचे घनइंच गुणिले जास्तीत जास्त आरपीएम, भागिले ३४५६, एवढंच गणित आहे. ३५० चं इंजिन ५५०० आरपीएमला ५५७ सीएफएम मागतं, तेही सिलिंडर शंभर टक्के भरले तर, आणि रस्त्यावरच्या साध्या इंजिनात ते भरत नाहीत. म्हणजे ६०० भरपूर झाला, ७५० लावलात तर खालच्या स्पीडला गाडी अडखळणार. क्वाड्राजेटच्या मॅनिफोल्डवर (कार्बखालचा, इंजिनात हवा नेणारा भाग) चारही भोकं सारखी असलेला कार्ब थेट बसत नाही, अ‍ॅडाप्टर प्लेट लागते, तेही आधीच बघून ठेवा.

काम इंजिन थंड असतानाच करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, फायर एक्स्टिंग्विशर जवळ ठेवा. मोबाईलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा, व्हॅक्यूमच्या प्रत्येक नळीला चिकटपट्टी लावून लिहा. पेट्रोल लाइनचा नट सोडताना दोन पाने वापरा, एकाने कार्बकडचा नट धरायचा, नाहीतर पाइप पिळतो, आणि खाली फडकं ठेवा. मग लिंकेज (अ‍ॅक्सिलरेटरचा जोड), रिटर्न स्प्रिंग, गिअरबॉक्सची केबल आणि चार नट. कार्ब उचलल्या उचलल्या मॅनिफोल्डच्या भोकांत स्वच्छ फडकं कोंबा, एखादा वॉशर आत पडला तर इंजिनच उघडावं लागेल. जुनं गॅस्केट पूर्ण खरवडा, नवीन टाका, फडकं आठवणीने काढा, नट आडवे-तिरके थोडे थोडे आवळा, जोर लावू नका, अ‍ॅल्युमिनियमचा पाया तडकतो.

स्टार्ट करायच्या आधी थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी झडप) हाताने पूर्ण उघडून सोडा, स्वतःहून फटकन बंद झालाच पाहिजे. जीएमचा ७००आर४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबलचं सेटिंग अंदाजाने करूच नका, ती चुकली की गिअरबॉक्स जळतो, आणि तो खर्च कार्बच्या कितीतरी पट असतो.

मिक्स्चरचे (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारे) दोन्ही स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या, मग दीड-दीड फेरा बाहेर. इंजिन गरम होऊ द्या, व्हॅक्यूम गेज लावा आणि काटा सगळ्यात वर जाईल तिथे दोन्ही स्क्रू ठेवा. स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल तर गाडी कुठूनतरी हवा ओढतेय, आधी गॅस्केट आणि नळ्या बघा. पेट्रोलचा दाब एडलब्रॉकला साडेसहा पीएसआयच्या वर नको, नाहीतर फ्लोट (आतली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) असूनही तो वाहतो. बॉनेट लावताना एअर क्लीनर वर टेकत नाही ना ते बघा, आणि इंजिन परत थंड झालं की चारही नट तपासा, नवीन गॅस्केट दबून ते थोडे सैल पडतात.