कुत्र्याचा गोचीड ताप: डॉक्सीचे २८ दिवस कसे पार पाडावेत

कुत्रं दोन दिवस भाकरीला तोंड लावत नाही, अंग तापलंय, हिरड्या पांढरट दिसतायत, तर आधी गोचीड तापाची शंका घ्या. नाकातून रक्त आलं किंवा पोटाच्या उघड्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके उठले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अंगावर आज गोचीड सापडत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. चावल्यापासून ताप चढेपर्यंत ८ ते २० दिवस जातात, तोवर चावलेला गोचीड रक्त पिऊन गळून गेलेला असतो.

आपल्याकडे हा ताप बहुतेक वेळा एर्लिकिया कॅनिस या जिवाणूमुळे येतो. तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या आत घर करतो. त्यामुळे घरात उरलेलं अमोक्सिसिलिन किंवा सेफॅलेक्सिन देऊन पाहण्यात अर्थ नाही, आणि एन्रोफ्लॉक्सॅसिननेही हा जंतू हटत नाही. पहिल्या पसंतीचं औषध डॉक्सीसायक्लिन, म्हणजेच डॉक्सी. स्वस्त आहे, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. उपचार फसतो तो औषधामुळे नाही, ते देण्याच्या पद्धतीमुळे.

१. आधी रक्त, मग गोळी

पहिली गोळी पोटात जाण्याआधी रक्त काढून घ्या. निरोगी कुत्र्याच्या प्लेटलेट साधारण २ ते ५ लाख असतात, या तापात त्या १ लाखाच्याही खाली येतात. काचेवरच्या रक्तात जंतू दिसला नाही तरी आजार नाही असं ठरत नाही, तो तिथे क्वचितच सापडतो. त्याच नमुन्यात बबेसिया, म्हणजे लाल पेशींत राहणारा परजीवी, बघायला आवर्जून सांगा. बबेसियाही गोचिडातूनच येतो, पण तो जिवाणू नाही आणि एकट्या डॉक्सीने जात नाही. लघवी कोऱ्या चहासारखी होत असेल तर संशय तिकडेच जायला हवा. नमुना जनावरांचं रक्त तपासणाऱ्या लॅबलाच द्या. माणसांच्या रक्तासाठी लावलेल्या मशिनवर कुत्र्याच्या प्लेटलेटचा आकडा चुकतो. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, गुंतागुंतीची केस तिकडे नेता येते.

२. वजन आणि मात्रा

कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, त्यातून आपलं वजन वजा करा. अंदाजाने वजन सांगू नका. नेहमीची मात्रा दर किलोला दिवसाला १० मिलिग्रॅम, एकदम किंवा सकाळ-संध्याकाळ ५-५ अशी वाटून, २८ दिवस. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला रोज १०० मिलिग्रॅमची एक गोळी. २८ दिवसांच्या गोळ्या एकदमच आणा. कुत्री गाभण असेल, पिल्लू लहान असेल किंवा यकृताचा त्रास असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. मात्रा तेच ठरवतील.

३. गोळी पोटात कशी जाते

सगळा उपचार इथे जिंकतो किंवा हरतो.

आपल्या भागातलं कुत्रं दूध-भाकरीवर वाढतं, म्हणून गोळी हमखास दुधात कुस्करली जाते. कुणी पेढ्यात दडपतं. साताऱ्यात कंदी पेढा हाताशी असतोच आणि कुत्रंही तो आनंदाने गिळतं. दोन्ही बंद करा. दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते पूर्ण रक्तात उतरत नाही. जुन्या टेट्रासायक्लिनचं जेवढं नुकसान दुधाने व्हायचं तेवढं डॉक्सीचं होत नाही, हे खरं. पण रोज सकाळी थोडं थोडं औषध वाया घालवत २८ दिवस काढणं म्हणजे कमी मात्रेवर उपचार करणंच. दही, ताक, पनीर, कॅल्शियमचं सिरप, नाचणीचं सत्त्व, सगळं गोळीपासून निदान दोन-तीन तास लांब ठेवा.

त्याहून वाईट अडचण लोहाच्या टॉनिकची. रक्त कमी झालंय म्हणून डॉक्सीबरोबर लाल टॉनिकची बाटली येते आणि घरचे दोन्ही एकाच वेळी पाजतात. लोह डॉक्सीला दुधापेक्षा कितीतरी घट्ट बांधतं. या तापात रक्त कमी होतं ते बहुधा लोहाच्या कमतरतेने नव्हे, तेव्हा टॉनिक आत्ता हवंच का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. हवंच असेल तर गोळी सकाळी ८ आणि रात्री ८ ला, टॉनिक दुपारी २ ला. ॲसिडिटीचं पांढरं औषध आणि सुक्रालफेट (पोटातल्या अल्सरचं औषध) हेही असंच अडवतात. आधी डॉक्सी, दोन तासांनी ते.

दुसरी चूक उपाशीपोटी कोरडी गोळी घशात ढकलण्याची. डॉक्सीची गोळी अन्ननलिकेत चिकटली की तिथे जखम करते. मग कुत्रं लाळ गाळतं, सारखं आवंढे गिळतं, मान ताणतं, खाणं सोडतं, आणि घरचे म्हणतात ताप उलटला. उपाशीपोटी दिली तर उलटीही होऊ शकते.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी चार घास खाऊ घाला. मग वरचा जबडा एका हाताने धरून तोंड उघडा, गोळी जिभेच्या अगदी मुळाशी ठेवा, तोंड मिटवा, गळा वरून खाली चोळा. कुत्र्याने नाक चाटलं म्हणजे गोळी गेली. लगेच सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या फटीतून ५ ते १० मिली पाणी हळूहळू सोडा आणि उरलेलं खाणं पुढ्यात ठेवा. हाताने घेतच नसेल तर उकडलेल्या कोंबडीच्या तुकड्यात किंवा कणकेच्या ओल्या गोळ्यात दडवा, वरून पाणी पाजाच. भाकरी भिजवायला अळणी रस्सा चालेल, पण कांदा-लसूण घालण्याआधी बाजूला काढलेला. कांदा-लसूण कुत्र्याच्या लाल पेशी फोडतो, आणि इथे त्या आधीच कमी आहेत. झोपण्याच्या तोंडावर गोळी देऊ नका, दिल्यावर थोडं फिरवा. उलट्या होत असतील तर दिवसाची मात्रा दोन वेळांत वाटून घ्या. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका.

४. पाचव्या दिवशी थांबू नका

बरोबर औषध लागू पडलं की दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, कुत्रं खायला लागतं, पाचव्या दिवशी फाटकावर भुंकतं. इथेच गोळ्या बंद होतात. जंतू मात्र प्लीहेसारख्या अवयवांत शिल्लक राहू शकतो. कुत्रं महिनोन्महिने, कधी वर्षभरही ठणठणीत दिसतं, आणि मग आजार हाडांच्या मगजावर येतो. रक्त बनणंच थांबलं की डॉक्सीचाही फारसा उपयोग उरत नाही.

‘दोन इंजेक्शनात बरं करतो’ हे वाक्य ऐकलं की इंजेक्शन कसलं ते विचारा. नुसत्या स्टेरॉइडनेही कुत्रं दोन दिवस तरतरीत दिसतं, जंतू तिथेच असतो. आपल्या तापाच्या गोळ्या, म्हणजे आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन, पॅरासिटामॉल, कुत्र्याला देऊच नका. प्लेटलेट कमी असताना त्यातल्या काहींनी पोटात रक्तस्राव होतो. उलट, नीट गोळ्या देऊनही तीन दिवसांत काहीच फरक नसेल तर वाट बघू नका, बबेसिया किंवा आणखी काही सोबत असू शकतं.

५. गोचीड

कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत, पत्र्याच्या कडेला, गोठ्याच्या कोपऱ्यात अंडी घालतो. औषध अंगाबरोबर तिथेही मारा आणि डॉक्टर सांगतील तेवढ्या अंतराने पुन्हा मारा, कारण अंडी नंतर फुटतात. म्हशीसाठी आणलेलं औषध अंदाजाने पातळ करून कुत्र्याला चोळू नका. घरात मांजर असेल तर गोचिडाच्या काही औषधांतलं पर्मेथ्रिन तिला जीवघेणं ठरतं. निघालेला गोचीड बोटांनी चिरडू नका.

६. शेवटची तपासणी

२८ दिवस संपल्यावर प्लेटलेट पुन्हा मोजा आणि महिन्याने आणखी एकदा. पट्टीवरची अँटिबॉडी तपासणी मात्र बरं झाल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्ह येत राहते. कुत्रं खातंय, प्लेटलेट भरल्यात, तर नुसती रेघ बघून गोळ्या परत सुरू करू नका. या तापाची लस नाही आणि एकदा होऊन गेला म्हणजे परत होत नाही असंही नाही. पुन्हा ताप आला तर पुन्हा रक्तापासूनच सुरुवात करा, आणि तेव्हा हाताशी असावेत म्हणून सगळे रिपोर्ट जपून ठेवा.