एअर रायफलचा ट्रिगर: कसा निवडावा, कसा लावावा

रेंजवर नवी रायफल हातात आली की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, ट्रिगर अजून हलका होईल का?" होतो. मॅच रायफलचा ट्रिगर इतका हलका करता येतो की नुसती फुंकर मारली तरी सुटेल असे वाटावे. तरीही माझे उत्तर बहुतेक वेळा "आत्ता नको" असेच असते. २०२४ मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकले, तेव्हापासून आमच्याकडे चौकशीला येणारे आईवडीलही वाढले आहेत. मुलाचे गुण वाढत नाहीत, म्हणून नवा ट्रिगर बसवून घेऊ का, असे ते विचारतात. पैसे खर्च करण्याआधी काय बघायचे आणि कोणत्या क्रमाने, ते त्यांच्यासाठीच लिहितो आहे. इथे १० मीटरची, हवेच्या सिलिंडरवर चालणारी मॅच रायफल धरली आहे.

ट्रिगरला एवढे महत्त्व का, हे आधी आकड्यांत बघू. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि एका रिंगपासून पुढची रिंग २.५ मि.मी. वर. मागच्या आणि पुढच्या साईटमध्ये (नेम धरायच्या दोन खुणांमध्ये) साधारण ८० सें.मी. अंतर धरले, तर पुढची साईट ०.२ मि.मी. सरकली की पूर्ण एक गुण गेला. ०.२ मि.मी. म्हणजे वहीचे दोन कागद. बोटाने एवढासा जरी आडवा धक्का दिला, तरी शॉट नऊवर जातो आणि मूल म्हणते, "होल्ड तर मधोमध होता." बहुतेक वेळा ते खरेच सांगत असते.

आधी रायफल रिकामी

ट्रिगरला हात लावण्याआधी बोल्ट उघडा, पेलेट (छर्रा) नाही हे डोळ्यांनी बघा, नळीत सेफ्टी फ्लॅगची, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण देणारी दोरी घाला आणि पेलेटचा डबा दुसऱ्या टेबलावर ठेवा. वजन मोजण्यापुरती नळी वर करावी लागते, ते सोडून नळीचे तोंड कायम टार्गेटच्या दिशेला. स्क्रू फिरवण्यापुरते काम असेल तर एवढे पुरते. ट्रिगरचा भाग खोलायचा असेल तर सिलिंडर काढून बाजूला ठेवा, आणि खरे सांगायचे तर ते काम जाणत्या आर्मररकडेच (शस्त्रे दुरुस्त करणाऱ्याकडेच) द्या. रायफलसोबतची पुस्तिका शेजारी उघडी हवी, कारण प्रत्येक कंपनीचे स्क्रू वेगवेगळ्या जागी असतात. पुस्तिकेत ज्या स्क्रूचा उल्लेख नाही, त्याला हात लावू नका.

आज वजन किती आहे ते मोजा

ही पायरी जवळजवळ सगळे वगळतात. हलका किंवा जड हे बोटाला वाटते, पण बोटाचे मत सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे असते. स्प्रिंगचा काटा इतक्या कमी वजनाला भरवशाचा नाही. मी औषधाच्या छोट्या बाटल्यांत वाळू भरून वजने केली आहेत: ४०, ६०, ८०, १०० आणि १२० ग्रॅम. ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ती तोलून घेतली आणि प्रत्येकीच्या गळ्याला तारेचा आकडा बांधला. रायफल कॉक करायची (आतला खटका चढवायचा), नळी सरळ वर करायची, आकडा ट्रिगरच्या पात्यावर जिथे बोट येते तिथेच अडकवायचा आणि रायफल सावकाश उचलायची. बाटली टेबलावरून अधांतरी झाली आणि ट्रिगर सुटला नाही, तर ट्रिगर तेवढे वजन पेलतो. मग पुढची बाटली. हे तीन-चार वेळा करा. दर वेळी उत्तर सारखे येत नसेल, तर दोष वजनात नाही, आतल्या घाणीत किंवा झिजलेल्या भागात आहे. तिथे साफसफाई आणि दुरुस्ती हवी, नवा ट्रिगर नको.

नियमही माहीत असू द्या. १० मीटर एअर रायफलला ट्रिगरच्या वजनाची किमान मर्यादा नाही. एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅम आणि २५ मीटर पिस्तुलाला १००० ग्रॅमची आहे. एकाच घरात एक मूल रायफल आणि दुसरे पिस्तूल मारत असेल, तर एकाचा सल्ला दुसऱ्याला लावू नका.

बोट कुठे पडते ते बघा

माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, आणि फुकट. रायफल खांद्याला लावा, गाल चीकपीसवर, म्हणजे गाल टेकायच्या भागावर, नेहमीसारखा टेका, डोळे मिटा आणि बोट सहज जिथे जाईल तिथे जाऊ द्या. पाते तर्जनीच्या पहिल्या पेराच्या गादीवर, मधोमध आले पाहिजे. ते सांध्याच्या रेषेत अडकत असेल तर पाते पुढे सरकवा, बोटाच्या टोकाला लागत असेल तर मागे घ्या. मॅच ट्रिगरचे पाते पुढेमागे सरकते, बहुतेकांत थोडे तिरपेही करता येते.

मग बाजूला उभे राहून दुसऱ्या कुणाला बोटाकडे बघायला सांगा. बोटाचे मधले पेर स्टॉकला (रायफलच्या लाकडी भागाला) घासता कामा नये. बोट आणि लाकूड यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट हवी. बोट स्टॉकला टेकत असेल तर ट्रिगर कितीही महागाचा घ्या, दाबताना रायफल बाजूला ढकलली जाणारच. आमच्याकडे एक मुलगी सलग तीन महिने डावीकडे नऊ मारत होती. घरच्यांनी नव्या ट्रिगरसाठी पैसे बाजूला काढले होते. पाते ६ मि.मी. पुढे घेतले आणि ग्रिपला लाकडाच्या लुगदीची छोटी भर दिली, तेव्हा तिचे बोट पहिल्यांदा सरळ मागे येऊ लागले. ते पैसे नंतर जॅकेटला लागले.

दोन टप्पे समजून घ्या

मॅच ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात पाते मऊपणे मागे येते आणि एका जागी थांबते. त्या जागेला आम्ही भिंत म्हणतो. दुसऱ्या टप्प्यात भिंतीवर जरासा दाब वाढला की शॉट सुटतो. आत सिअर नावाचा छोटा पोलादी खटका हॅमरला अडवून धरतो, आणि तुमचे बोट शेवटी त्या खटक्याची पकड सोडवत असते. ही पकड फार खोल असेल तर ट्रिगर घासत, रांगत सुटतो. फार उथळ असेल तर भिंत लागतच नाही, आणि रायफल जरा आपटली तरी सुटू शकते.

नवीन शूटरने सुरुवातीला एकूण ९० ते १०० ग्रॅम ठेवावे, असे माझे मत आहे. त्यातला मोठा वाटा पहिल्या टप्प्यात, म्हणजे साधारण ६० ते ७० ग्रॅम, आणि उरलेला दुसऱ्यात. यामागे साधी गोष्ट आहे. उभ्या पोझिशनमध्ये रायफल टार्गेटवर स्थिरावत असताना बोट पहिल्या टप्प्याचा भार घेऊन भिंतीवर शांत उभे राहिले पाहिजे. पहिला टप्पा अगदीच हलका असेल तर बोटाला भिंत कळत नाही. मग मूल घाबरून बोट हवेत धरते आणि शॉटच्या क्षणी एकदम पात्यावर आणून आपटते. हीच ती स्नॅच करण्याची सवय, आणि ती मोडायला वर्ष लागते.

एकदा जिल्हा स्पर्धेच्या आठवडाभर आधी मी स्वतः एका मुलाचा ट्रिगर ४० ग्रॅमवर आणून दिला, त्याच्या हट्टापायी. स्पर्धेचा हॉल वातानुकूलित होता आणि बोटे गार पडली. गार बोटाला हलका भार जाणवत नाही. त्याच्या अकराव्या शॉटला रायफल वरून खाली येतानाच सुटली आणि पेलेट टार्गेटच्या वर, कार्डाबाहेर गेले. सरळ शून्य. चूक माझी होती. तेव्हापासून स्पर्धेआधीच्या महिन्यात मी कुणाच्याही ट्रिगरला स्क्रूड्रायव्हर लावत नाही.

स्क्रू फिरवण्याचा क्रम

आधी पहिल्या टप्प्याची लांबी, मग त्याचे वजन, मग दुसऱ्या टप्प्याचे वजन. सिअरचा स्क्रू सगळ्यात शेवटी, आणि गरज असेल तरच. एका वेळी एकच स्क्रू, पाव फेरा, आणि डायरीत नोंद: कोणता स्क्रू, कुठल्या बाजूला, किती. दोन स्क्रू एकदम फिरवले तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

शॉट सुटल्यावर पाते किती मागे जाते, ते ट्रिगर स्टॉपचा स्क्रू ठरवतो. पाते फार मागे गेले तर बोट झटक्याने मागे पडते आणि रायफल हलते. पण स्टॉप अगदी घट्टही करू नका, कारण मग सिअर पूर्ण सुटायच्या आधीच पाते अडते आणि ट्रिगर कधी सुटतो, कधी सुटत नाही. शॉट नेमका सुटतो त्या जागेपासून स्टॉप पाव फेरा मोकळा ठेवा.

तपासणी

रिकामी रायफल कॉक करा, बट (खांद्याला लागणारे टोक) जाड रबरी मॅटवर चार-पाच वेळा बऱ्यापैकी जोरात टेकवा. बोल्ट दोन-तीनदा ठणकन बंद करून बघा. ट्रिगर एकदा जरी आपोआप सुटला, तरी त्या रायफलमध्ये पेलेट घालायचे नाही. सिअरचा स्क्रू पूर्वीच्या जागी न्या आणि पुन्हा तपासा. त्यानंतर दोन आठवडे रोज कोऱ्या पांढऱ्या कागदासमोर वीस मिनिटे ड्राय करा, म्हणजे पेलेट न घालता ट्रिगर मारण्याचा सराव करा. बहुतेक मॅच रायफलींत हवा न सोडता ट्रिगर मारायची सोय असते. शॉट सुटताना पुढच्या साईटचे वर्तुळ जागचे हलले का, एवढेच बघायचे.

मग नवा ट्रिगर केव्हा घ्यावा?

वरचे सगळे करूनही वजन दर वेळी वेगळे येत असेल, किंवा भिंत धूसर लागत असेल आणि आर्मररने भाग झिजल्याचे सांगितले असेल, तर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा पूर्ण ट्रिगर युनिट घ्या. एखादा सुटा भाग दुसऱ्या रायफलचा आणून घासून बसवणे धोक्याचे आहे. पात्याचा आकार बदलायचा असेल तर तो स्वस्त आणि बिनधोक बदल. लहान बोटांना अरुंद, सपाट पाते चांगले लागते.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर वाईट नाही. त्यात सिअरऐवजी विजेवर चालणारा सोलेनॉइड (विद्युतचुंबक) काम करतो, त्यामुळे सुटण्याची जागा शॉटमागून शॉट तीच राहते. पण चार्जिंग, संपर्कबिंदूंवरचा ओलावा आणि तुमच्या शहरात दुरुस्ती करणारा माणूस, या तीन गोष्टींची सोय आधी बघा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर रेंजवर जाणाऱ्याला मी मेकॅनिकलच सुचवतो.

जुनी रायफल विकत घेणार असाल तर विकणाऱ्यासमोरच एक करा. रिकामी रायफल कॉक करून पहिला टप्पा घ्या, भिंतीवर बोट ठेवून दहापर्यंत मोजा, मग न मारता बोट पूर्ण सोडा. पाते मूळ जागी परत आले पाहिजे. पुन्हा भिंतीपर्यंत जा. ती आधीच्याच जागी लागली तर पुढचे बोलणे करा.